टिकलीखालचा ठिपका

रात्री तोंड धुण्याआधी टिकली काढून आरशाच्या कडेला चिकटवायची, ही मराठी घरांतली जुनी सवय. कितीतरी आरशांवर अशी लाल-मरून ठिपक्यांची रांग असते. एखाद्या रात्री टिकली काढली की कपाळावर तिच्याच मापाचा दुसरा ठिपका दिसतो. पांढरा. पावडर राहिली असेल म्हणून बाई तो पुसते, ओल्या पंचानं घासते, साबण लावून बघते. ठिपका जात नाही. दुसऱ्या दिवशी ती थोडी मोठी टिकली लावून कामाला जाते. त्वचारोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या अनेक बायकांची हकीकत इथून सुरू होते, आणि दवाखान्याची पायरी चढेपर्यंत मध्ये कित्येक महिने गेलेले असतात. तेवढ्या काळात टिकलीचं माप दोन-तीनदा वाढलेलं असतं.

टिकलीच्या मागच्या चिकट थरात पॅरा टर्शरी ब्यूटाइल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं. काहींच्या त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी त्यानं मरतात. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पावलावर पट्ट्याच्याच आकाराचा पांढरा माग उमटतो, त्यामागेही याच जातीची रसायनं असतात. वस्तू वेळीच बंद केली तर पुष्कळदा तेवढ्यावर निभावतं. पण काही जणींच्या बाबतीत नवे डाग अशा ठिकाणी येतात जिथे टिकलीही नव्हती आणि चप्पलही नव्हती: ओठांच्या कोपऱ्यात, पापण्यांवर, बोटांच्या टोकांवर, कोपरावर, परकराची नाडी काचते तिथे कमरेवर. मग घरात तो शब्द उच्चारला जातो. तोही दार लोटून, हळू आवाजात. कोड.

मराठीत कोड म्हणजे लाडसुद्धा. नातवाचे कोड पुरवणाऱ्या आजीच्या तोंडी हाच शब्द किती मऊ वाटतो. त्या कोडाचा या कोडाशी काही संबंध नाही. हा शब्द आला संस्कृत ‘कुष्ठ’पासून, आणि त्याचं हिंदीतलं सख्खं भावंड ‘कोढ़’ म्हणजे महारोग. वर ‘श्वेतकुष्ठ’ हेही नाव चालू आहेच. म्हणजे गैरसमजाची मुळं थेट नावातच आहेत. प्रत्यक्षात दोन्हींत साम्य काही नाही. महारोगाचा जंतू नॉर्वेतल्या हान्सेन या डॉक्टरानं १८७३ मध्ये दाखवला. महारोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळेनासा होतो. कोडाच्या डागाला पिसाचा स्पर्शही कळतो. त्यात जंतू नाही, म्हणून एकाचं दुसऱ्याला लागणं नाही. अर्थात महारोगही आज गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, त्यामुळे ‘आमचा तो नव्हे’ एवढं सांगून सुटका करून घेणंही बरोबर नाही. एकाला दूर सारू नका म्हणताना दुसऱ्याला दूर सारायची मुभा देता येत नाही.

कोडात नेमकं होतं काय? त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवतात आणि आजूबाजूच्या पेशींना वाटतात. एक रंगपेशी साधारण छत्तीस पेशींना रंग पुरवते. गंमत अशी की गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या अंगात या पेशी जवळजवळ सारख्याच संख्येनं असतात. फरक असतो तो त्या किती आणि कसं रंगद्रव्य बनवतात याचा. कोडात शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा या रंगपेशींना परकं समजून त्यांच्यावर चाल करते. पेशी गेल्या की रंग गेला, आणि उरते ती दुधासारखी पांढरी त्वचा. बाकी त्या त्वचेत बिघाड नसतो. ती घाम गाळते, तिला थंडी-ऊन कळतं, जखम झाली तर भरून येते. ऊन मात्र तिला लवकर पोळतं, म्हणून तिथे सनस्क्रीन लावावं लागतं. थायरॉइडचा त्रास यासोबत असू शकतो, त्यामुळे डॉक्टर ती तपासणी करायला सांगतात.

जगात शंभर माणसांमागे साधारण अर्ध्या ते दोन जणांना कोड असतो, असं वैद्यकीय ग्रंथ सांगतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. शंभरात एक धरला तरी आकडा अकरा लाखांवर जातो. आणि जवळजवळ निम्म्या जणांत तो विशीच्या आत सुरू होतो. शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, लग्नाची बोलणी, म्हणजे माणूस ज्या वयात सगळ्यात जास्त पाहिला जातो, नेमका त्याच वयात.

दुखत नाही, खुपत नाही, आयुष्य कमी होत नाही. मग कोड झालेली माणसं रडतात कशासाठी?

त्याचं उत्तर त्वचेत सापडत नाही. ते सापडतं बसमधल्या शेजारणीच्या नजरेत. ती आधी हाताकडे बघते, मग चेहऱ्याकडे, मग पर्स मांडीवर ओढून जराशी सरकते. ते उत्तर शाळेतल्या मधल्या सुट्टीत असतं, जिथे एका मुलीच्या डब्यातली पोळी कुणी घेत नाही. पंगतीत वाढायला उठलेल्या सुनेला ‘तू बस गं, दमली असशील’ असं फार प्रेमानं सांगितलं जातं, त्या आवाजात असतं. हळदीकुंकवाला बोट पुढे करताना समोरची क्षणभर थांबते, त्या क्षणात असतं.

सगळ्यात मोठा अडसर लग्नाचा. हा अडसर आजचा नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात मुलगी करून घेताना टाळायची दहा कुळं सांगितली आहेत. त्यांत क्षयाचं, अपस्माराचं, कुष्ठाचं कुळ आहे, तसंच श्वित्राचं, म्हणजे कोडाचंही आहे. त्याच यादीत मूळव्याधीचं कुळ आहे आणि अंगावर फार केस असणाऱ्यांचंही आहे. आज मुलीच्या आजोबांना मूळव्याध होती म्हणून कुणी स्थळ मोडत नाही. त्या यादीतलं कितीतरी आपण निमूटपणे सोडून दिलं. कोड मात्र धरून ठेवला, कारण तो दिसतो. ‘घराण्यात कोड आहे का?’ हा प्रश्न आजही मध्यस्थाच्या कानात विचारला जातो, आणि एका बहिणीला डाग आला की धाकटीच्या लग्नाचीही काळजी सुरू होते.

या भीतीला शास्त्राचा आधार किती? कोडात आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे खरं. पण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला कोड असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण अभ्यासात २३ टक्केच आढळलं. जन्मतः सारखीच गुणसूत्रं असलेल्या भावंडांची ही गत. आई किंवा वडील यांपैकी एकाला कोड असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात पाच-सातच्या आसपास सांगितली जाते. मधुमेह आणि रक्तदाब घराण्यात असलेली स्थळं आपण रोज जुळवतो, कुंडलीतल्या मंगळाची चर्चा करताना त्यांचा विषयही काढत नाही.

म्हणून मग लपवणं सुरू होतं. लपवणं म्हणजे काय, हे जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. शिंप्याला सांगताना ‘मला तशीच फॅशन आवडते’ हे ठरलेलं वाक्य. पावलं झाकणारी सँडल, देवळात ती काढायची वेळ आली की मागे रेंगाळणं. बोटांवर मेहंदी, ती फिकी पडायच्या आत दुसरी. चेहऱ्यासाठी डाग झाकणारं खास क्रीम: रंग जुळवायला आधी दोन छटा हातावर मिसळायच्या, बोटाच्या टोकानं थापून लावायच्या, वर पावडर दाबायची, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग बाहेर पडायचं. घाम आला तर पुसायचा नाही, टिपायचा. पावसात छत्रीचा कोन सांभाळायचा. कुणी अचानक फोटो काढायला लागलं तर डावी बाजू पुढे करायची. लग्न झालेलं असेल आणि सासरी सांगितलेलं नसेल, तर हे सगळं घरातल्या घरात, पहाटे सगळ्यांच्या आधी उठून.

क्रीम लावणं वाईट नाही, हे इथे स्पष्ट म्हटलं पाहिजे. लिपस्टिक लावावी तसं कुणी हौसेनं लावत असेल तर त्यात कसला आलाय दोष. बिनसतं ते तेव्हा, जेव्हा क्रीम लावल्याशिवाय दूधवाल्याला दार उघडायचीही हिंमत राहत नाही.

गोऱ्या रंगासाठी जीव टाकणाऱ्या समाजाला पांढऱ्या डागाची इतकी धास्ती का वाटावी? ‘गोरी, सडपातळ’ अशा अपेक्षा लिहिणारीच घरं कोड बघून मागे सरतात. मेलॅनिन कमी असलेली त्वचा हीच तर त्यांची मागणी असते. ती संपूर्ण अंगभर, सारखी आणि जन्मापासून असली तर ते रूप. तुकड्या-तुकड्यांनी आणि मध्येच आली तर तो ‘डाग’. ‘घराण्याला डाग लागला’ हे आपण बदनामीसाठी म्हणतो, आणि तोच शब्द मुलीच्या कातडीसाठी वापरतो. गोरेपणाचा आणि कोडाचा एक फार दुःखद सांधा २०१३ मध्ये जपानमध्ये दिसला. त्वचा उजळ करण्यासाठी एका बड्या कंपनीनं विकलेल्या प्रसाधनांत ऱ्होडोडेंड्रॉल नावाचं द्रव्य होतं. ते वापरणाऱ्या हजारो बायकांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे डाग उठले. त्या वर्षीच्या जुलैमध्ये कंपनीला सगळा माल बाजारातून परत घ्यावा लागला. त्या बायकांना आधी सावळं असणं कमीपणाचं वाटायला लावलं गेलं, आणि मग त्यांच्याच अंगावर डाग आले.

उपचारांचं काय? उपचार आहेत, आणि ते आजचेच नाहीत. बावचीच्या बिया कोडावर लावून ऊन घेण्याचा उपाय आयुर्वेदात फार जुना. अथर्ववेदातही ‘किलास’ या नावानं पांढऱ्या डागांचा आणि त्यांवरच्या वनस्पतींचा उल्लेख येतो. बावचीत सोरालेन असतं, ते त्वचेला सूर्यप्रकाशासाठी हळवी करतं. याच तत्त्वावर विसाव्या शतकात गोळ्या आणि अतिनील किरणांची उपचारपद्धती उभी राहिली. घरच्या घरी बावचीचं तेल चोळून भर दुपारी उन्हात बसलेल्यांच्या अंगावर मात्र फोड येतात, तेव्हा तो प्रयोग डॉक्टरांशिवाय करू नये. हल्ली दवाखान्यांत ३११ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांचा वापर होतो, आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने. रंग परत येतो तो केसांच्या मुळांतून. तिथे रंगपेशींचा राखीव साठा असतो, म्हणून पांढऱ्या डागात आधी मोहरीएवढे तपकिरी ठिपके उमटतात आणि मग ते पसरत एकमेकांना भेटतात. चेहऱ्याला गुण चांगला येतो. बोटांच्या टोकांवर आणि ओठांवर केसच नसतात, त्यामुळे तिथला डाग हट्टी. पसरणं थांबलेल्या डागांवर त्वचारोपणाच्या शस्त्रक्रिया होतात. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं रुक्सोलिटिनिब या मलमाला मान्यता दिली. कोडातला रंग परत आणण्यासाठी तिथे मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध.

याच्या जोडीला भिंती आहेतच. रेल्वेच्या रुळांलगत चुन्यानं रंगवलेल्या, सात दिवसांत डाग घालवून दाखवणाऱ्या. टपालानं येणाऱ्या बिननावाच्या पुड्या आहेत. मासे खाल्ल्यावर दूध प्यायलं म्हणून कोड होतो, ही समजूत कोकणापासून विदर्भापर्यंत सगळीकडे भेटते, आणि तिला पुरावा नाही. पण तिच्यामुळे होतं असं, की डाग दिसला की पहिला प्रश्न येतो, ‘काय खाल्लं होतंस?’ आजारासोबत अपराधही माणसाच्या पदरात पडतो. आंबट सोड, दही सोड, मासे सोड, असं करत करत ताटातलं एकेक उचललं जातं. डाग मात्र जिथे होते तिथेच राहतात.

पुष्कळांना वाटतं, स्वीकार म्हणजे उपचार सोडून देणं, नशिबावर हवाला ठेवून बसणं. चंडीगढच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला १५० रुग्णांचा अभ्यास याबाबतीत मोलाचा आहे. डागांमुळे कपडे, बाहेर जाणं, नाती, काम यांवर किती परिणाम होतो, हे त्यांनी प्रश्नावलीनं मोजलं. ज्यांच्या जगण्यावर कोडाचा घाव जास्त खोल होता, त्यांना त्याच उपचारांचा गुण कमी आला. एवढ्यावरून मन सावरलं की डाग भरतात असा निष्कर्ष काढता येणार नाही. पण माणसाचा जीव रोज डागात अडकलेला असेल, तर केवळ दिव्याखाली उभं करून भागत नाही, इतकं त्यातून दिसतं. उपचार घेत असतानाच बाही दुमडता येते. एकीसाठी दुसरं थांबवून ठेवायची गरज नाही.

आणि इथे एक गोष्ट आग्रहानं सांगावीशी वाटते. शरीर स्वीकारण्याविषयी जे लिहिलं-बोललं जातं, त्यात सगळा भार एकट्या माणसावर टाकलेला असतो: आरशासमोर उभी राहा, स्वतःवर प्रेम कर. पण कोड असलेली मुलगी आरशात एकटी नसतेच. तिच्यामागे मावशी असते, शेजारीण असते, मधल्या सुट्टीतला तो बंद झालेला डबा असतो. जी गोष्ट इतक्या नजरांनी बिघडवली, ती एकटीच्या निश्चयानं दुरुस्त व्हावी ही अपेक्षा निष्ठुर आहे. तिला सोबत लागते.

ती सोबत कधी दुरून येते. फेब्रुवारी १९९३ मध्ये मायकल जॅक्सननं ओप्रा विन्फ्रीच्या मुलाखतीत आपल्याला कोड असल्याचं सांगितलं. तोवर ‘हा काळा गायक गोरा व्हायला निघालाय’ असं जगभर बोललं जात होतं, आणि त्यानं सांगितल्यावरही अनेकांनी विश्वास ठेवला नाही. मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनात ते खरं ठरलं. तो गेला २५ जून २००९ ला. २०११ पासून तोच दिवस जागतिक कोड दिन म्हणून पाळला जातो. कॅनडाची विनी हार्लो लहानपणी शाळेत फार छळली गेली. २०१४ मध्ये ती ‘अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल’मध्ये उतरली आणि पुढे जगातल्या मोठ्या ब्रँडांसाठी मॉडेल झाली. आपल्याला ‘कोडानं ग्रासलेली’ म्हणू नका, असं ती बजावून सांगते. मल्याळम अभिनेत्री ममता मोहनदास यांनी जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचे फोटो टाकून आपला रंग जातो आहे, हे उघड सांगितलं. चेहरा हेच ज्यांचं भांडवल, त्यांनी असं सांगणं सोपं नसतं.

पण सांगलीच्या किंवा लातूरच्या मुलीला विनी हार्लो पुरत नाही. तिला आपल्या भाषेत बोलणारं, आपल्यासारखी साडी नेसणारं कुणीतरी लागतं. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी हे काम केलं. त्या स्वतः डॉक्टर, आणि स्वतःला कोड असलेल्या. त्यांच्या पुढाकारातून श्वेता असोसिएशन हा कोड असलेल्यांचा स्वमदत गट उभा राहिला. स्वमदत गटाची रीत साधी असते: एका खोलीत बसायचं आणि बोलायचं. पण जिनं आजवर दुसऱ्या कुणाच्या हातावर असे डाग पाहिलेच नव्हते, तिच्यासाठी त्या खोलीत शिरणं ही केवढी गोष्ट असेल. तिथे हात लपवायला काही कारणच नसतं.

याच कामातून मराठीला एक चित्रपटही मिळाला. २००६ सालचा ‘नितळ’. दिग्दर्शन सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचं. देविका दफ्तरदार यांनी साकारलेली नायिका ही डोळ्यांची डॉक्टर आहे, तिच्या चेहऱ्यावर कोडाचे डाग आहेत, आणि तिच्यावर प्रेम करणारा सहकारी तिला आपल्या घरच्यांना भेटवायला घेऊन जातो. शिकलेलं, चांगल्या रीतीभातीचं घर. तिला कुणी टाकून बोलत नाही. तरी प्रत्येकाची नजर एकेकदा अडखळते, आणि चित्रपट त्या अडखळण्याकडे शांतपणे बघत राहतो. दुष्ट सासू दाखवून मोकळं होणं सोपं होतं. भावे-सुकथनकरांनी प्रेक्षकाला स्वतःसारखीच माणसं दाखवली.

कोड असलेल्यांसाठी वधू-वर मेळावेही भरतात. त्यांच्याविषयी दोन मतं संभवतात. कोड असलेल्यानं कोड असलेल्याशीच लग्न करावं, हे बाकीच्या समाजाला फार सोयीचं आहे. त्याला काहीच बदलावं लागत नाही. ‘नितळ’मधली नायिका अशा मेळाव्यात जात नाही, आणि तिनं का जावं? हा आक्षेप खराच आहे. पण ज्या मुलीनं पंधरा घरांत पोह्यांचा ट्रे नेला, आणि दर वेळी डाग सांगितल्यावर ‘कळवतो’ एवढंच ऐकलं, तिच्या बाजूनं पाहिलं की मेळाव्याची गरज कळते. तिथे समोरच्याला केव्हा सांगायचं, कसं सांगायचं, आधी की नंतर, हा प्रश्नच उरत नाही. जे दिसायचं ते दारातच दिसलेलं असतं. मग उरतात ती कुठल्याही स्थळाची नेहमीची बोलणी: नोकरी कायमची आहे का, घर स्वतःचं की भाड्याचं, आई-वडील कुणाकडे असतात, आणि लग्नानंतर तुम्ही इथेच राहणार की मुंबईला जाणार.